गोळी, लिव्हर आणि सीआरपीचा आकडा

समोरची बाई गर्भनिरोधक गोळ्या घेते की नाही हे माहीत नसेल, तर तिच्या एचएस-सीआरपीच्या, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, आकड्यावरून कुणी काही बोलूच नये. हे माझं मत आता पक्कं झालंय, आणि ते होण्यासाठी माझ्या हातातून बरंच रक्त गेलंय.

मी गोळ्या घ्यायला लागले ते मुख्यतः पाळीमुळे. अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन सतत खाली असायचं. मूल नको होतंच, त्यामुळे एकाच गोळीत दोन्ही कामं होत होती. गोळी अगदी नेहमीची: ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल, हे इस्ट्रोजेन, आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, हे प्रोजेस्टिन. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी, त्या सुट्टीत हलकीशी पाळी. सिगारेट ओढत नाही, अर्धशिशी नाही, बीपी ठीक. कित्येक वर्षं काही त्रास नव्हता.

मग एका वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी आलं. मी ते मागितलं नव्हतं, कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं. पॅकेजमध्ये होतं म्हणून झालं. रिपोर्टमध्ये आकडा होता ५.९ मिलिग्रॅम प्रति लिटर, ठळक अक्षरांत, आणि खाली तक्ता: १ पेक्षा कमी म्हणजे हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. म्हणजे मी थेट वरच्या खणात. लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते सांगणारा ईएसआर २६, तोही मर्यादेच्या थोडा वर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १७०. आणि थायरॉइडच्या भागात टोटल टी-४ हे हार्मोन किंचित जास्त, पण टीएसएच अगदी नॉर्मल. या शेवटच्या ओळीकडे तेव्हा कुणीच लक्ष दिलं नाही. मीही नाही. खरं तर सगळं कोडं तिथेच सुटत होतं, पण त्याबद्दल पुढे.

तपासणीच्या फॉर्मवर मधुमेह, बीपी, थायरॉइड, मागच्या शस्त्रक्रिया, ॲलर्जी, सगळं विचारलं होतं. गर्भनिरोधकांचा रकाना नव्हता. बाकी चौदा रकाने भरून घेणाऱ्यांना एवढा एक सुचू नये याचा मला अजूनही राग येतो.

फिजिशियनकडे गेले. त्यांनी आधी मला शांत केलं. सीआरपी म्हणजे काही रोगाचं नाव नाही, म्हणाले. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाशी ते चिकटायचं, म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते तयार होतं लिव्हरमध्ये. शरीरात कुठेही संसर्ग, इजा, दाह झाला की आयएल-६ नावाचा निरोप लिव्हरला पोचतो आणि लिव्हर सीआरपी सोडायला लागतं. मोठ्या संसर्गात हा आकडा दोन दिवसांत शंभराच्या पुढे जातो आणि कारण संपलं की भराभर उतरतो, कारण रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं. नेहमीच्या तपासणीत न दिसणारे छोटे आकडे मोजायचे असले की 'हाय सेन्सिटिव्हिटी' म्हणजे एचएस-सीआरपी. प्रथिन तेच, मोजायची पद्धत जास्त बारीक.

"एका आकड्यावर काही ठरवायचं नाही," ते म्हणाले. आणि हे अगदी बरोबर होतं. तो १ आणि ३ चा तक्ता ज्यातून आला, ती अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेची २००३ ची शिफारससुद्धा हेच सांगते: तपासणी दोनदा करा, मध्ये दोनेक आठवडे जाऊ द्या, आणि आकडा १० च्या वर असेल तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग कुठे आहे ते शोधा. मध्ये सर्दी-ताप झाला, लस घेतली, दात काढला, पाय मुरगळला, तर अजून थांबा. तपासणीच्या आधी दोन दिवस दणकून व्यायाम नको, कारण स्नायूंवर फार ताण पडला तरी आकडा उडतो.

मी सगळं पाळलं. दुसऱ्या वेळी ६.३.

आता शोध सुरू झाला. सांधे दाबून बघितले, सकाळी बोटं आखडतात का विचारलं, लघवी तपासली, पोटाची सोनोग्राफी झाली. डेंटिस्टकडे पाठवलं, कारण हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवणाऱ्यांतला एक आहे आणि तो वर्षानुवर्षं मुकाट राहू शकतो. माझ्या हिरड्यांतून ब्रश करताना थोडं रक्त यायचं, स्केलिंग झालं, ते थांबलं. बाकी काहीच सापडलं नाही. उरलं वजन. उंचीच्या मानाने माझं वजन सात-आठ किलो जास्त होतं आणि ते सगळं कमरेभोवती. पोटाची चरबी नुसती पडून राहत नाही, तीही आयएल-६ तयार करते, तेही लिव्हरपर्यंत पोचतं. त्यामुळे फिजिशियनांचा निष्कर्ष असा की जीवनशैली सुधारा, आकडा उतरेल.

मी मनापासून सुधारली. रोज भरभर चालणं, आठवड्यातून काही दिवस वजनं उचलणं, गोड आणि पाकीटबंद खाणं जवळजवळ बंद, रात्रीचा फोन खोलीबाहेर. झोपेचा भाग मला सगळ्यांत जड गेला. झोप सलग काही दिवस तोडली की सीआरपी वर सरकतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे, हे कळल्यावर मी झोपेकडे औषधासारखं बघायला लागले आणि त्या काळजीनेच रात्री जागत बसायचे. यथावकाश ते जमलं. 'इन्फ्लमेशन' या एका शब्दावर इंटरनेटवर जो बाजार भरलाय त्यातलंही थोडं घेतलं. मैत्रिणीने दिलेल्या कॅप्सूल महिनाभर खाल्ल्या आणि जळजळ होते म्हणून सोडल्या.

काही महिन्यांनी वजन पाच किलो उतरलं होतं. कंबर दोन इंच आत. बसल्या जागी नाडीचे ठोके ७८ वरून ६६. ट्रायग्लिसराइड १७० वरून १४२. मला जिना चढताना धाप लागत नव्हती. आणि सीआरपी?

५.२.

लॅबच्या काउंटरवर उभं राहून मी तो आकडा बघितला आणि मला रडूच आलं. इतकं करून अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. डोक्यात सगळे भयंकर विचार येऊन गेले, कुठेतरी काहीतरी दडलंय, संधिवात असेल, कॅन्सर असेल. घरी मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. सासूबाईंनी विचारलं, "अगं, एवढी बारीक झालीस, छान दिसतेस, मग तोंड का पाडलंस?" त्यांना काय सांगणार, की मला तीनच्या खालचा आकडा हवा होता.

पुढे वाचताना एक गोष्ट सापडली आणि तिने मला जरा शरमिंदं केलं, जरा हसवलंही. वजन आणि सीआरपीवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये एक हिशेब मांडला गेला होता. त्यात एक किलो वजन उतरलं की सीआरपी सरासरी ०.१३ मिलिग्रॅमने उतरतो असं निघालं. पाच किलोंचे ०.६५. माझा ५.९ वरून ५.२ झाला होता. म्हणजे माझ्या चालण्याने, झोपेने, उपाशी राहण्याने नेमकं तेवढंच काम केलं होतं जेवढं ते करू शकतं. सरासरी एका माणसाला तंतोतंत लागू होत नाही हे मान्य, पण माझी मेहनत वाया गेली नव्हती एवढं त्यातून कळलं. प्रश्न उरला तो खालच्या पाचांचा. ते कुठून येत होते?

त्याचं उत्तर मिळालं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, आणि तेही मी गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा लिहून घ्यायला गेले म्हणून. फाइलमध्ये ते सगळे रिपोर्ट होते. बाईंनी चष्मा वर करून ती पानं उलटली आणि विचारलं, "हे सगळं गोळ्या चालू असताना काढलंय?"

"हो."

"मग यात दचकण्यासारखं काय आहे?"

त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. एक पिशवी, ते पोट. तिथून एक बाण, तो लिव्हरकडे. लिव्हरमधून मग पाच-सहा बाण बाहेर. त्या प्रत्येकापुढे त्यांनी एकेक नाव लिहिलं. तोंडावाटे घेतलेलं औषध आतड्यातून शोषलं गेलं की आधी लिव्हरमधून जातं आणि मग बाकी शरीराला मिळतं. त्यामुळे गोळीतलं इस्ट्रोजेन लिव्हरला एकदम मोठ्या मात्रेत भेटतं. आणि इस्ट्रोजेन हे लिव्हरला प्रथिनं बनवण्याचा हुकूम देतं. सीआरपी त्यातलंच एक. हार्मोन वाहून नेणारं एसएचबीजी दुसरं. रक्त गोठवणारे काही घटक, फायब्रिनोजेनसुद्धा. फायब्रिनोजेन वाढलं की लाल पेशी एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात, म्हणून ईएसआर वर. ट्रायग्लिसराइडही वर. आणि थायरॉइडचं हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, म्हणून टोटल टी-४ जास्त दिसतो पण टीएसएच हलत नाही, कारण प्रत्यक्ष कामाचं मोकळं हार्मोन तेवढंच असतं.

मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. त्या एकेका बाणापासून माझ्या रिपोर्टमधल्या एकेका ठळक आकड्याकडे बोट नेत होत्या. ५.९. २६. १७०. टी-४. चार वेगवेगळी काळजीची कारणं म्हणून मी जे महिनोन्‌महिने बाळगत होते, ते एकाच कारखान्याचे चार दाखले होते. टी-४ ची ती ओळ पहिल्याच दिवशी कुणी नीट वाचली असती तर गोळीचा प्रश्न तिथेच निघाला असता.

"म्हणजे मला दाह नाहीच?"

"असं मी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "गोळी चालू असताना हा आकडा बघून मला ते कळणार नाही, एवढंच."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेतल्यावर सीआरपी वाढतो, पण त्याला एरवी हुकूम देणारं आयएल-६ त्या प्रमाणात वाढलेलं बहुतेक अभ्यासांत दिसत नाही. म्हणजे कुठेतरी आग लागली म्हणून घंटा वाजतेय असं नाही, घंटेचं बटणच कुणीतरी दाबून ठेवलंय. संयुक्त, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या, गोळ्या घेणाऱ्या बायकांत सीआरपी न घेणाऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो ही गोष्ट वैद्यकात जुनी आहे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधावरचा ज्युपिटर नावाचा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहभागी करून घ्यायला सीआरपी २ किंवा त्याहून जास्त हवा होता, आणि त्यातून पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्या बायकांना मुद्दाम वगळलं होतं. संशोधकांना जे माहीत असतं ते तपासणीच्या पॅकेजपर्यंत पोचत नाही.

घरी आल्यावर मी याच्या मागेच लागले. सगळ्यांत चक्रावणारी गोष्ट अशी की शरीराचं स्वतःचं इस्ट्रोजेन उलटं वागतं. अमेरिकेत बफेलो इथे झालेल्या बायोसायकल अभ्यासात २५९ निरोगी, गोळ्या न घेणाऱ्या बायकांचं रक्त पाळीच्या चक्रात पुन्हा पुन्हा तपासलं होतं. त्यांच्यात इस्ट्रॅडिऑल वाढलेलं असताना सीआरपी कमी होता आणि पाळीच्या दिवसांत जास्त. मग गोळीतलं इस्ट्रोजेन असं का वागतं? एक कारण तोंडावाटे घेणं. दुसरं त्याची रचना. एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होलवेग यांनी बनवलं. नैसर्गिक इस्ट्रॅडिऑल तोंडावाटे घेतलं की लिव्हर ते झटपट मोडून टाकतं. याला एक एथिनिलची शेपटी जोडली, त्यामुळे लिव्हरला ते सहज मोडता येत नाही. गोळी चालते ती त्या शेपटीमुळे, आणि लिव्हरवर तिचा अंमल इतका वेळ राहतो तोही त्याच शेपटीमुळे.

म्हणूनच 'पोटातून नको, पॅच लावते' ही पळवाट इथे चालत नाही. मला ती लगेच सुचली होती. पाळी गेल्यानंतर जे नैसर्गिक इस्ट्रॅडिऑलचे पॅच देतात, त्यांनी सीआरपी वाढत नाही, हे खरं. पण गर्भनिरोधक पॅचमध्ये आणि नेहमीच्या योनिमार्गाच्या रिंगमध्येही एथिनिल इस्ट्रॅडिऑलच असतं. ते कातडीतून गेलं काय आणि आतड्यातून गेलं काय, रक्तातून फिरून लिव्हरला येतंच, आणि तिथे मोडत नाही. गोळी, पॅच आणि रिंग यांची तुलना केलेल्या अभ्यासात तिन्हींनी सीआरपी वाढवला.

आता हे सगळं ऐकून कुणी गोळ्या कचऱ्यात टाकायला निघेल, म्हणून इथे थोडं थांबते. माझ्या नणंदेने नेमकं हेच केलं असतं. तिचा सीआरपी ४.४ आला, माझी गोष्ट तिला अर्धवट माहीत होती, आणि तिने रात्री फोन केला, "वहिनी, मी आजपासून बंद करते गं." पाकीट अर्ध्यावर होतं. मी तिला म्हटलं, आधी पाकीट संपव, मग डॉक्टरांना भेट, नाहीतर सीआरपी उतरेल आणि दुसरंच काही वर येईल. ती हसली, पण थांबली.

गोळीचा खरा धोका आहे तो रक्ताच्या गुठळीचा, आणि तो सीआरपीवरून मोजत नाहीत. दर १०,००० बायकांमागे वर्षाला गुठळी होण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या बायकांत १ ते ५, संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या काळात ४० ते ६५. हे आकडे शेजारी शेजारी ठेवूनच बघावेत. सुरुवातीच्या काळातल्या गोळ्यांत, म्हणजे १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोव्हिडच्या वेळी, इस्ट्रोजेनची मात्रा आजच्या कित्येक पट होती. १५० मायक्रोग्रॅमच्या घरातली. आज ती २० ते ३५ वर आलीय, आणि ती उतरवली ती गुठळ्यांमुळेच. संयुक्त गोळ्या सुरू करण्याआधी जागतिक आरोग्य संघटना जी एक मोजणी आवर्जून करायला सांगते ती रक्तदाबाची. त्याबरोबर प्रश्न: पस्तिशीनंतर सिगारेट ओढता का, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन मग डोकं दुखतं का, आधी कधी गुठळी झाली होती का. सीआरपी त्या यादीत नाही.

माझ्या बाईंनीही मला गोळी बंद करायला सांगितलं नाही. त्यांनी दोन रस्ते ठेवले. गोळी चालू ठेवायची आणि सीआरपी तपासणं सोडून द्यायचं, हा एक. दुसरा म्हणजे इस्ट्रोजेन नसलेल्या साधनाकडे जायचं. त्यात फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या येतात, दंडातला इम्प्लांट येतो, आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारं गर्भाशयातलं साधन येतं. तांबीचा पर्याय माझ्यासाठी बादच होता, तिने पाळीत जास्त जातं आणि माझा मूळ त्रास तोच.

मी गर्भाशयातलं हार्मोनचं साधन निवडलं, आणि खरं कारण सीआरपी नव्हतं. अंगावरून जाणं त्याने गोळीपेक्षाही जास्त कमी होतं, आणि रोज रात्री गोळीची आठवण ठेवायचा मला कंटाळा आला होता. सीआरपीचं कोडं सुटेल ही वरची कमाई. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, सुरुवातीला रोज वीसेक मायक्रोग्रॅम बाहेर पडतं, बहुतेक काम तिथल्या तिथे, रक्तात थोडंच.

बसवण्याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. गोळीच्या सुट्टीतली पाळी चालू असतानाची वेळ दिली होती, तेव्हा गर्भाशयाचं तोंड जरा सैल असतं. आत स्पेक्युलम घातल्यावर बाई म्हणाल्या, "आता जोरात खोका." मी खोकले आणि त्याच क्षणी त्यांनी गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरलं. खोकल्यामुळे ते निम्मंच कळलं. मग एक बारीक सळई आत गेली, गर्भाशयाची खोली मोजायला. "सात सेंटिमीटर," त्या नर्सला म्हणाल्या आणि मला ओटीपोटात अशी कळ आली की मी टेबलाची कड घट्ट धरली. साधन आत सोडतानाची कळ त्याहून मोठी पण छोट्या वेळाची. मग कात्रीचा कट्‌ असा आवाज. दोरे कापले. नर्सने माझा हात धरून ठेवला होता हे मला ती सोडून गेल्यावर लक्षात आलं.

पुढचे काही महिने कटकटीचे. रोज थोडं थोडं डाग पडणं, पाळी म्हणावी तर नाही, नाही म्हणावं तर पॅड लागतोच. आणि हनुवटीवर पुटकुळ्या, शाळेत असताना यायच्या तशा. त्याचंही कारण त्या चिठ्ठीमागच्या चित्रात होतं. गोळीमुळे एसएचबीजी वाढलेलं असतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, म्हणून गोळीवर चेहरा स्वच्छ राहतो. गोळी सुटली की ती पकड सैल होते. लिव्हरच्या ज्या उद्योगामुळे माझा सीआरपी वर होता त्याच उद्योगाने माझी त्वचा इतकी वर्षं सांभाळली होती. आरशासमोर उभं राहून हे आठवलं की मला त्या लिव्हरबद्दल जरा मायाच वाटायची.

डाग कमी झाल्यावर, सर्दी वगैरे नसताना, पुन्हा रक्त दिलं. सीआरपी १.७. ईएसआर १४. ट्रायग्लिसराइड ११८. टोटल टी-४ मर्यादेच्या आत, टीएसएच जिथे होता तिथेच. या वेळी मी काउंटरवर न बघता पाकीट तसंच घरी आणलं होतं.

वजन मध्ये एक किलो वाढलेलं होतं, बरं का. व्यायामही थोडा ढिला पडला होता. तरीही आकडा तिपटीने खाली. जीवनशैलीने महिनोन्‌महिने घासून जेवढं उतरवलं होतं, त्याच्या कितीतरी पट नुसती गोळी बदलल्याने उतरलं. याचा अर्थ चालणं-झोपणं बिनकामाचं असा काढणारे लोक मला भेटलेत. मी त्यांना माझी नाडी, कंबर आणि बीपी सांगते. ते सगळं गोळी चालू असतानाच सुधारलं होतं. गोळीखाली दबलेला सीआरपी ते दाखवू शकत नव्हता, एवढाच त्याचा दोष. आता दाखवतो. त्यानंतर परत नीट चालायला लागले, वजन दोनेक किलो उतरलं, तेव्हा तो १.३ झाला. एकदा घसा धरलेला असताना चुकून तपासणीत आला तेव्हा ८ च्या वर होता आणि बरं वाटल्यावर पुन्हा दीडच्या आसपास. आता तो जसा वागायला हवा तसा वागतोय.

नणंद अजून गोळीवरच आहे. तिला तीच सोयीची आहे, बीपी चांगलं आहे, सिगारेट नाही, अर्धशिशी नाही. तिच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर पेनने 'ओसीपी चालू', म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या चालू, असं लिहून खाली सही केली आणि फाइल परत दिली. तीन शब्दही नाहीत. माझ्या फाइलवर पहिल्या दिवशी ते कुणी लिहिलं असतं तर मी सोनोग्राफीच्या रांगेत बसले नसते.

फिजिशियनांकडे मी परत गेले होते, सगळे रिपोर्ट घेऊन. त्यांनी ते शांतपणे बघितले, मग त्यांच्या असिस्टंटला बोलावून नव्या पेशंटच्या फॉर्ममध्ये 'गर्भनिरोधक/हार्मोन: कोणतं, कधीपासून' असा रकाना घालायला सांगितलं. मला हे फार आवडलं. निघताना मी विचारलं, की पुढच्या वर्षी सीआरपी परत करायचं ना?

"कशासाठी?" ते म्हणाले. "आकडा काहीही आला तरी मी तुम्हाला जे सांगणार ते बदलणार नाही. बीपी आणि लिपिड करा. तेवढं पुरे."